मधली कडी

मोठीं माणसें अंगापिंडानेंही मोठींच असलीं पाहिजेत, अशी आपणां सर्वांची एक भाबडी समजूत असते. पहिलवानाविषयीं ती खरी ठरते, कवीविषयीं हटकून खोटी ठरते. पण पियानोच्या बाबतींत मात्र तींत कांहीं तथ्य असावें असें आम्हांस वाटत असे. मोठ्या जलशांतून वाजतो तो पियानो चांगला नऊ फूट लांब असतो. त्याच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांवर सत्ता चालविणारा माणूस कसा धिप्पाड, लांब बोटांचा असावयास हवा! म्हणून स्पेनमधील विख्यात पियानोवादिका आलिसिया दे लारोचा यांचें छायाचित्र आम्हीं प्रथम पाहिलें, तेव्हां आम्हांस हंसूं आलें. पांच फुटांहूनही ठेंगणी, भरल्या अंगाची एक बाई त्या अवाढव्य काळ्या वाद्यापुढें बसलेली. जणूं घरांतील कोणी काकू शांतपणें हिशेबाची वही लिहीत आहे!

तें छायाचित्र होतें ध्वनिमुद्रिकांच्या एका संचावर. गेल्या वर्षीं आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. त्यानें तो संच आम्हांस भेट म्हणून दिला. जातां जातां तो एक वाक्य बोलून गेला. त्या वाक्याविषयीं आम्ही पुढें सांगूं. कारण त्या वेळीं आम्हांस तें मुळींच आवडलें नाहीं.

संचांत 'इबेरिया' ही रचना होती. इसाक आल्बेनिझ यानें १९०५ ते १९०८ या आपल्या आजारपणाच्या वर्षांत ती रचिली. चार भाग, बारा तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यांत स्पेनचें कोठलें तरी गांव, बंदर किंवा नाच. आल्बेनिझ स्वतः मोठा वादक. पण आपण लिहिलेलें हें कोणासही वाजवितां येणार नाहीं अशा निराशेनें तो हस्तलिखित फाडून टाकावयास निघाला होता, असें सांगतात. त्यांत उजवा हात डाव्यावरून जातो, डावा उजव्याच्या पोटांत शिरतो, आणि दहाही बोटें एकमेकांत गुंतून बसतात. राग-रागिण्यांवर पोसलेल्या आमच्या कानांना पहिल्या रात्रीं हा सारा गलबला वाटला. दुसऱ्या रात्रीं त्यांतून एक ठेका वेगळा निघाला. आणि चौथ्या-पांचव्या रात्रीं आमचें लक्ष स्वरांपेक्षां स्वर सरल्यावर मागें उरणाऱ्या नादाकडे गेलें. संध्याकाळीं माणूस अंगणांतून निघून जावा आणि त्याची सांवली क्षणभर भिंतीवर रेंगाळावी, तसा तो नाद रेंगाळे, आणि नेमक्या क्षणीं नाहींसा होई. हें ह्या बाईंना कोणीं शिकविलें असावें, या कुतूहलानें आम्ही त्यांचें चरित्र वाचावयास घेतलें.

त्या २३ मे १९२३ रोजीं बार्सिलोना शहरीं जन्मल्या. आई आणि मावशी दोघीही पियानो शिकलेल्या. दोन-तीन वर्षांची ही पोर मावशीच्या पियानोवर बोटें आपटूं लागली, तेव्हां मावशीनें वाद्य बिघडेल म्हणून त्यास कुलूप घातलें. झालें! पोरीनें जमिनीवर डोकें आपटून घेतलें. रक्त आलें, तरी थांबेना. शेवटीं कुलूप उघडलें आणि शिक्षण सुरू झालें. १९२९ सालीं बार्सिलोनाच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत तिनें श्रोत्यांपुढें वाजविलें. पुढें १९३६ त स्पेनमध्यें यादवी युद्ध पेटलें, १९३८ त बार्सिलोनावर बाँबवर्षाव झाला. मुलीचीं ऐन शिकण्याचीं वर्षें तीं. पण शिकणें थांबलें नाहीं.

हातांची गोष्ट तर सर्वांच्याच तोंडीं आहे. तळहात लहान, परंतु करंगळी लांब, आणि आंगठा व तर्जनी यांमधील जागा चांगली ताणणारी. बाई रोज बोटें ताणण्याचा व्यायाम करीत, आणि उमेदीच्या काळांत पहिल्या पट्टीपासून दहावी पांढरी पट्टी कशीबशी गांठीत. एवढ्या भांडवलावर त्यांनीं राखमानिनॉव्हसारख्या पंजेवाल्या रचनाकाराचे काँचेर्तोही वाजविले! लोक ह्याचेंच कौतुक करीत, आणि आम्हींही कांहीं दिवस तेंच केलें. पण हात हे देवानें दिलेले. त्यांत सांवलीसारखा रेंगाळणारा तो नाद नव्हता. तो आला होता एका शिक्षकाकडून.

ह्या शिक्षकांचें नांव फ्रँक मार्शल. वंशानें इंग्रज, जन्मानें स्पेनचे. त्यांचे गुरु एन्रिके ग्रानादोस हे थोर रचनाकार. ग्रानादोस यांनीं १९०१ सालीं बार्सिलोनांत संगीताची शाळा काढली. गोया ह्या चित्रकाराच्या चित्रांनीं भारून त्यांनीं १९११ त 'गोयेस्कास' ही पियानोरचना पुरी केली, आणि तिच्यावरून एक संगीत नाटक रचिलें. त्या नाटकाचा पहिला प्रयोग १९१६ च्या जानेवारींत न्यूयॉर्क येथें झाला. अध्यक्ष विल्सन यांनीं वादनासाठीं बोलाविल्यामुळें परतीची ठरलेली बोट चुकली. ग्रानादोस पत्नीसह इंग्लंडच्या मार्गानें निघाले, आणि २४ मार्च १९१६ रोजीं इंग्लिश खाडींत जर्मन पाणबुडीनें त्यांच्या 'ससेक्स' बोटीवर पाणतीर सोडला. दोघेंही बुडालीं. मागें सहा मुलें पोरकीं झालीं, आणि शाळाही. मुलांना आप्तांनीं सांभाळिलें असेल. शाळा सांभाळिली मार्शल यांनीं.

ग्रानादोस बुडाले त्यानंतर सात वर्षांनीं आलिसिया जन्मली. म्हणजे ज्यांचें संगीत जगास ऐकविण्याबद्दल ती प्रसिद्धि पावली, त्यांना तिनें डोळ्यांनीं कधीं पाहिलें नाहीं. आई आणि मावशी ग्रानादोस यांच्या शिष्या होत्या खऱ्या. पण रोजचें शिक्षण झालें तें मार्शल यांच्यापाशीं.

मार्शल यांनीं कोणती वस्तु हातोहात पोंचविली? आमच्या समजुतीप्रमाणें, मुख्यतः पायाखालची. पियानोच्या तारांवर लोकरीच्या दाबाच्या गाद्या टेकलेल्या असतात. पट्टी सोडली कीं गादी खालीं येते आणि नाद मरतो. उजव्या पायाखालचें पेडल दाबलें, कीं साऱ्या गाद्या एकदम उचलल्या जातात. हात निघाला तरी तारा गुणगुणत राहतात, इतकेंच नव्हे तर शेजारच्या तारांनाही कंप सुटतो. पेडल अधिक वेळ दाबलें तर स्वरांचा चिखल होतो. वेळेआधीं सोडलें तर स्वर हाडासारखे कोरडे वाजतात. किती दाबावें, अर्धें कीं पाऊण, आणि कोणत्या निमिषाला सोडावें, हें छापील स्वरलिपींत पुरतेपणीं उतरत नाहीं. ग्रानादोस ह्या विद्येचे वेडे होते, आणि मार्शल यांनीं १९१९ सालीं पेडलांच्या अभ्यासावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. तरी पुस्तक वाचून हें येत नाहीं. गुरूनें शेजारीं बसून "आतां सोड" असें म्हणावें, आणि हजार वेळां चुकल्यावर शिष्याच्या पायाला तें कळावें, हाच मार्ग. आमच्याकडे ह्यालाच तालीम म्हणतात.

पुढील कीर्तीची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. १९४७ पासून परदेशचे दौरे. १९५४ त अमेरिकेची पहिली सफर. पण खरा डंका वाजला तो १९६५ नंतर, वयाची चाळिशी उलटल्यावर. नंतर जगभर जलसे, चार ग्रॅमी पारितोषिकें, १९९४ त स्पेनचें मानाचें आस्तुरियास पारितोषिक. केवळ स्पॅनिश संगीताच्या वादिका म्हणून ओळखलें जाणें मात्र त्यांना रुचत नसे. ज्याला बाख आणि मोझार्ट नीट वाजवितां येत नाहीं त्याला स्पॅनिश संगीतही येणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें. १९५० त त्यांनीं हुआन तोर्रा या पियानोवादकाशीं विवाह केला. त्यानें स्वतःचें वादन मागें टाकून दोन मुलांचा संसार सांभाळिला. आणि १९५९ त मार्शल वारले, तेव्हां बाईंनीं त्यांच्या शाळेची धुरा आपल्या खांद्यावर घेतली. एवढी कीर्ति पदरीं असतां ही उठाठेव कशाला, असें कोणीही विचारलें असतें. ज्यांना शिक्षकाचें ऋण ठाऊक आहे, ते विचारणार नाहींत.

येथें आमच्या मनांत एक शंका उभी राहते, आणि ती लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. दुसऱ्याची ठेव पोंचविण्यांतच आयुष्य गेलें, तर माणसाचें स्वतःचें असें काय उरलें? बाईंना ही शंका कधीं शिवली होती कीं काय न कळे. पण त्यांनीं तरुणपणीं स्वतः कांहीं रचना केल्या होत्या. हीं तरुणपणचीं पापें, असें म्हणून त्यांनीं त्या बाजूला ठेवून दिल्या. त्या छापून निघाल्या त्यांच्या मृत्यूनंतर. जन्मभर आपल्या पेटींत आपलें लिखाण ठेवून दुसऱ्यांचें वाजवीत राहणें, यांत त्यागाचा आव नाहीं. पण सोपेंही तें खास नाहीं.

आमच्या पेशांतील पुष्कळांजवळ अशी एखादी पेटी असते. तीस वर्षें वर्गांत परक्यांच्या कविता वाचून दाखविल्यावर, पन्नाशी ओलांडलेल्या प्राध्यापकास रात्रीं झोंप येत नाहीं तेव्हां तो काय मोजीत असेल, हें वाचकांनीं ओळखावें. त्यांतच त्या विद्यार्थ्याचें तें वाक्य आमच्या उरांत सलत होतें. दारांत चपला घालतांना तो हंसून म्हणाला होता, "सर, तुम्हीं शिकविलेलें आतां कांहींएक आठवत नाहीं. कविता वाचतांना शेवटच्या ओळीपूर्वीं तुम्ही थांबत होतां, तेवढें आठवतें. मुलीला वाचून दाखवितांना मीही तसाच थांबतों."

तीस वर्षांच्या व्याख्यानांतून उरला काय, तर एक विराम! आम्हांस राग आला, आणि रागाहूनही अधिक वाईट वाटलें. परंतु मार्शल यांची हकीकत वाचतांना एका रात्रीं एकदम आठवलें, कीं तो विराम तरी आमचा कोठें होता? आमचे गुरुजी कविता म्हणतांना शेवटच्या ओळीपूर्वीं चष्मा काढून क्षणभर खिडकीबाहेर पाहत. चष्मा आम्हीं घेतला नाहीं. थांबणें तेवढें नकळत उचललें. गुरुजींना जाऊन कितीतरी वर्षें झालीं. त्यांचें एकही पुस्तक छापलेलें नाहीं. आणि कोठल्याशा घरांत, त्यांना कधींही न पाहिलेली एक लहान मुलगी, शेवटची ओळ येण्यापूर्वीं श्वास रोखून बसत असेल.

आलिसियाबाईंनीं २००३ सालीं जलसे थांबविले आणि २५ सप्टेंबर २००९ रोजीं, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षीं, जन्मगांवींच देह ठेविला. त्या रात्रीं आम्हीं पुन्हां तीच ध्वनिमुद्रिका लावली. मुलें म्हणालीं, "दादा, किती वेळां तेंच तें!" आम्हीं उत्तर दिलें नाहीं. ह्या खेपेस आमचें लक्ष बोटांकडे नव्हतेंच. पाय नेमका केव्हां उचलला जातो, तेवढेंच आम्ही ऐकत होतों.