कोलंबसाच्या आधीचा पाटा

आम्ही बेव्हर्ली पार्कात राहतो. हे वाक्य अमेरिकेतल्या नातेवाइकांना फोनवर सांगितलं की पलीकडे क्षणभर आदराची शांतता पसरते. मग मी ‘मीरा रोड, पूर्व’ अशी पुस्ती जोडतो आणि आदर मूळ पातळीवर येतो.

अशा ह्या आमच्या बेव्हर्ली पार्कात गेल्या महिन्यात ह्यूस्टनचे साडू नातवाच्या बारशासाठी सपत्नीक उतरले. साडूंना संग्रहाचा नाद आहे. आमच्याकडेही संग्रह आहे, पण तो दुधाच्या पिशव्यांचा. साडूंचा ‘प्री-कोलंबियन आर्ट’चा. म्हणजे कोलंबस 1492 साली तिकडे पोचण्यापूर्वी माया, अ‍ॅझ्टेक, इंका वगैरे मंडळींनी जे जे घडवलं ते. त्या बिचाऱ्यांना कल्पनाही नसेल की आपण कुणाच्या तरी ‘पूर्वी’चे आहोत!

एकादशी होती. साडूंच्या पुढ्यात साबुदाण्याची खिचडी होती. मी म्हटलं, “भाऊसाहेब, तुमचा निम्मा संग्रह ह्या बशीत आहे. मिरची तिकडची, बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, आणि साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोही तिकडचाच. पोर्तुगीजांनी हा माल आपल्या किनाऱ्यावर उतरवला. आमची एकादशी कोलंबसाच्या कृपेने चालते.”

साडू हसले आणि त्यांनी खिशातून मोबाईल काढला. काचेचं कपाट, वरून पिवळा दिव्याचा झोत आणि झोतात काळसर दगड. तीन पाय, मध्ये किंचित खोलगट, एका टोकाला कसल्याशा जनावराचं तोंड. किंमत त्यांनी डॉलरमध्ये सांगितली. मी मनातल्या मनात रुपये करायला घेतले आणि मधेच सोडून दिले.

बायकोने चष्मा नाकावर चढवला आणि म्हणाली, “अगबाई, हा तर पाटा!”

साडूंना ते लागलं. पण म्हणणं खरं होतं. तिकडे त्याला ‘मेटाटे’ म्हणतात. त्याच्यावर मका वाटायचा, आणि दोन्ही हातांत धरून जो दगड फिरवायचा त्याला ‘मानो’. स्पॅनिशमध्ये मानो म्हणजे हात. म्हणजे आपला वरवंटाच. साडूंचा पाटा कोस्टा रिकाचा. तिथे असे कोरीव पाटे माणसाबरोबर पुरत असत. आमच्या आजीला हे कळलं असतं तर म्हणाली असती, “मेल्यावरसुद्धा वाटणाची कटकट सुटत नाही म्हणजे!”

“तुम्हाला कुठे मिळाला?” मी विचारलं.

“न्यूयॉर्कच्या एका दुकानात.”

“त्याच्याआधी कुठे होता?”

साडू खिचडी चावू लागले. खिचडी फारशी चावावी लागत नाही.

मला चेव आला. मी सांगितलं, की तिकडे थडगी उकरून माल विकणाऱ्यांची एक जातच आहे, त्यांना ‘उआकेरो’ म्हणतात. वस्तू कुणाशेजारी होती, कुठल्या थरात होती, ते एकदा उकरलं की कायमचं गेलं. मग उरतो तो नुसता दगड. आपल्याकडे 1972 साली पुरावस्तूंचा कायदा झाला, शंभर वर्षांच्या वरची वस्तू कुणी परदेशी नेऊ नये म्हणून. आणि संग्रह कसा करावा? पुण्याचे दिनकर केळकर! 1920च्या सुमारास त्यांनी सुरुवात केली. गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, दौती, करंडे, म्हणजे आपण ज्याला अडगळ म्हणतो ते गोळा केलं. लहानपणीच गेलेल्या आपल्या राजाच्या नावाने संग्रहालय उभारलं आणि ते सरकारला देऊन टाकलं. “ह्याला म्हणतात दृष्टी!” मी टेबलावर हात आपटून म्हटलं.

“अहो,” बायको शांतपणे म्हणाली, “आपला पाटा कुठे आहे?”

आता मी खिचडी चावू लागलो.

1996 साली गिरगावची चाळ सोडून आम्ही इकडे आलो. टेम्पोवाल्याने पाट्याकडे बघून जास्तीचे पैसे मागितले. शिवाय बेव्हर्ली पार्क नावाच्या ठिकाणी पाटा शोभणार नाही असं मला वाटलं. मिक्सर घेतलेला होता. पाटा जिन्याखाली ठेवून दिला. आई काही बोलली नाही. तिने पदराने तो एकदा पुसला आणि टेम्पोत जाऊन बसली. पुढे चाळ पडली.

“आणि परवा बारशाला वरवंटा कुठून आणायचा?” मेहुणीबाईंनी विचारलं. बाळाआधी टोपडं घालून वरवंट्याला पाळण्याखालून फिरवायचं, ही आमच्याकडची रीत. माझ्याही आधी आमच्या पाळण्याचा मान त्यानेच घेतलेला. बेव्हर्ली पार्कात पिझ्झा अर्ध्या तासात येतो, पण वरवंटा?

बायको उठली, बेडरूमच्या दाराशी वाकली आणि दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेला काळा दगड उचलून तिने टेबलावर ठेवला. इतकी वर्षं माझा अंगठा ज्याच्यावर ठेचकाळत होता तो हा!

“सासूबाईंनी पातळात गुंडाळून आणला होता. म्हणाल्या, त्याला सांगू नकोस, टाकून देईल.”

मी तो हातात घेतला. मधोमध बारीक झाला होता. आजीच्या हाताने, मग आईच्या. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण धरायची जागा बरोबर सापडली.

साडूंनीही तो मागून घेतला, उलटसुलट निरखला, आणि सूड म्हणून नव्हे, खरोखरीच्या कुतूहलाने विचारलं, “ह्याचा पाटा कसा होता हो?”

चार पिढ्यांचं वाटण झालेला पाटा. मला त्याचा आकारसुद्धा नीट सांगता येईना.

बारशाच्या दिवशी वरवंटा टोपडं घालून पाळण्याखालून फिरला. सुनेने आता त्याला देव्हाऱ्याशेजारी जागा दिली आहे. बेडरूमचं दार दिवसभर वाऱ्याने आपटत असतं. आपटू दे.