कुठला हँडीकॅम घेऊ?

घरात एक जण आयटीत असला की सगळ्या नातेवाइकांचा खरेदी सल्लागार तोच, हे मी आता स्वीकारलंय. प्रिंटर, राउटर, इन्व्हर्टर, अगदी मिक्सरसुद्धा! (मिक्सरचा आणि जावाचा संबंध काय, हे काकूला विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.) या महिन्यातला प्रश्न ताईचा. तिला दिवाळीच्या सुमारास बाळ होणार आहे आणि त्याआधी हँडीकॅम घ्यायचाय. मोबाईल नको, ‘खरा’ कॅमेरा हवा. बजेट पन्नास हजार.

हँडीकॅम हे खरं तर सोनीचं नाव. पण फोटोकॉपीला आपण झेरॉक्स म्हणतो, तसा हातात मावणारा कुठलाही व्हिडिओ कॅमेरा आपल्याकडे हँडीकॅमच. आमच्याही घरात एक होता. आजोबांनी २००४ मध्ये निवृत्तीच्या पैशातून घेतलेला, मिनीडीव्ही टेपवाला. तेव्हा दुकानात ‘८०० एक्स डिजिटल झूम’ असले स्टिकर लावलेले कॅमेरे मांडलेले असायचे आणि लोक ते आकडे बघून भुलायचे. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून ताणायचा, बस्स. झूम मोजायचा तर ऑप्टिकल, म्हणजे भिंगं हलून होणारा.

असो. तर ताईला उत्तर द्यायच्या आधी मी एक काम काढलं. आजोबांच्या अकरा टेप कपाटात पडून होत्या, त्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या. म्हटलं, वीस वर्षांपूर्वीच्या खरेदीचं आज काय होतं ते तरी कळेल.

काय होतं ते सांगतो. आमचा कॅमेरा आता टेप आत घेतो आणि लगेच बाहेर ढकलतो. वय झालं त्याचं. लॅमिंग्टन रोडवर फिरून एक जुना चालू कॅमेरा मिळवला. त्यातून डेटा बाहेर येतो फायरवायरने, आणि ते पोर्ट आजच्या लॅपटॉपवर नसतं. ॲपलने तर २०२५ च्या मॅकओएस टाहोमधून फायरवायरचा सपोर्टच काढून टाकला. शेवटी जुन्या डेस्कटॉपमध्ये फायरवायरचं कार्ड खोचलं, लिनक्स टाकलं आणि डीव्हीग्रॅब चालवलं. एक तासाची टेप उतरवायला बरोबर एक तासच लागतो, त्यात शॉर्टकट नाही. एका टेपची फाईल साधारण १३ जीबी. गंमत म्हणजे आयफोनवर ४के, ३० फ्रेम्सचं एक तासाचं शूटिंग साधारण १० जीबीत बसतं. म्हणजे ७२० बाय ५७६ चं ते जुनं चित्र आजच्या ४के पेक्षा जास्त जागा खातं!

पावसाळी हवेत टेपांना बुरशी लागते. आमच्या दोन टेपांवर पांढरे ठिपके होते, त्या अजून कॅमेऱ्यात घातलेल्या नाहीत. एक बुरशी लागलेली टेप हेडही खराब करते आणि मग बाकीच्याही गेल्या.

आता खरी गोष्ट. आजोबा २००९ मध्ये गेले. आतापर्यंत सात टेप बघून झाल्या आणि त्यांत आजोबा जेमतेम चाळीस सेकंद दिसतात. साहजिक आहे, कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. पण सातही टेपांवर सगळ्यात स्पष्ट आवाज त्यांचा आहे. “इकडे बघ. नाक ओढू नको. हं, आता बोल.” कारण माईक त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. ज्याचं शूटिंग चाललंय तो दहा फुटांवर पुटपुटतोय, आणि दोघांच्या वर पंखा.

म्हणून ताईला म्हटलं, चित्राचं नंतर बघू, आधी आवाजाचं बघ. बहुतेक लोक दुकानात झूम करून समोरच्या दुकानाची पाटी वाचतात आणि खूश होतात. झूमने चित्र जवळ येतं, आवाज जवळ येत नाही. त्यातून कॅमेऱ्यातली ऑटोमॅटिक लेव्हल नावाची भानगड अशी की, खोलीत शांतता झाली की ती आवाज आपोआप वाढवते, म्हणजे पंखा आणि फ्रीजची घरघर वर येते. तेव्हा बाहेरचा माईक लावायला जागा आहे का ते बघायचं. हेडफोनची जागा असेल तर फारच उत्तम. शूटिंग करताना पंखा एकवर, आणि जवळ जायचं. बाळ कुठे पळून जाणारे!

दुसरं म्हणजे आपली वीज. आपल्याकडे ५० हर्ट्झ आणि अमेरिकेत ६०. न्यू जर्सीहून कोणी मावसभाऊ प्रेमाने कॅमेरा आणतो आणि आपल्या ट्यूबलाइटखाली त्यात चित्र लपलपतं किंवा आडवे पट्टे सरकतात. कॅमेरा बिघडलेला नसतो. शटर १/५० किंवा १/१०० करून बघायचं, पट्टे बहुधा जातात. नवीन घेताना २५ किंवा ५० फ्रेम्सची सोय आहे ना, हे विचारून घ्यावं. आयफोनमध्येही सेटिंग्जमध्ये ‘पाल’ फॉरमॅट दाखवायचा एक खटका असतो, कोणी बघत नाही.

तिसरा प्रश्न, फाईल कुठली तयार होते? २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकने एव्हीसीएचडी आणलं. चांगलं होतं, पण कार्डवर फोल्डरच्या आत फोल्डर आणि शेवटी ‘०००००.एमटीएस’ अशी नावं. त्यावरून काय कळणार, बारसं आहे की सत्यनारायण? लांब शूटिंगचे तुकडेही पडायचे. साधी एमपी४ फाईल देणारा कॅमेरा घ्यावा, आणि कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या खास सॉफ्टवेअरच्या नादी लागू नये. कंपन्यांचा भरवसा काय! फ्लिप नावाचा खिशात मावणारा कॅमेरा एवढा गाजला की सिस्कोने २००९ मध्ये त्याची कंपनी ५९ कोटी डॉलरला घेतली. २०११ मध्ये तो धंदाच बंद केला.

या हिशोबाने माझं उत्तर तयार होतं. पहिली दोन-तीन वर्षं बाळ चार फुटांच्या आत असणार, तिथे २० एक्स झूमचा उपयोग शून्य. फोन, छोटा ट्रायपॉड, कॉलरला लावायचा माईक आणि दोन हार्ड डिस्क, एक तिच्याकडे आणि एक आमच्याकडे. कॅमकॉर्डर शाळेच्या गॅदरिंगला घे. शेवटच्या रांगेतून स्टेज गाठायचं असतं, दोन तास सलग चालवायचं असतं, तिथे फोन तापून मान टाकतो.

ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “फोनवर काढलेलं कोणी बघतं का रे? बारा-बारा सेकंदांचे तुकडे. सगळे गोड हसतायत आणि संपलं. आजोबांच्या टेपमध्ये आपण भांडतो पण.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोन हातात घेतला की आपण ‘क्षण’ टिपतो, आणि कोणाचा तरी कॉल येतो. टेपवाला कॅमेरा एकदा सुरू केला की आजोबा तो टीपॉयवर ठेवून चहा प्यायचे. हे स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात कुठेच बसत नाही, पण मुद्दा तिचाच बरोबर आहे. मग ठरलं असं: फोन, पण तिचा रोजचा नाही. घरात पडलेला जुना, सिमकार्ड काढलेला, ट्रायपॉडवर कायमचा. रविवारी एकदा सुरू करायचा आणि तासभर विसरून जायचं. उरलेले पैसे गॅदरिंगसाठी.

सातवी टेप माझ्या मुंजीची आहे, २००५ ची. डीव्ही टेपवर प्रत्येक फ्रेमबरोबर तारीख-वेळ नोंदलेली असते, त्यामुळे कळतं की रात्री १० वाजून ४२ मिनिटांनी आजोबांनी भिंगावर झाकण लावलं आणि कॅमेरा बंद करायचा राहून गेला. पुढे अकरा मिनिटं नुसता काळोख. भांड्यांचे आवाज. आजी आणि आजोबा कार्यालयातून आलेलं सामान लावतायत. आजी म्हणते, हे पातेलं आपलं नाही, शेजारच्यांचं आहे. आजोबा म्हणतात, मग आपलं कुठे गेलं? बराच वेळ शोधाशोध. आहेर किती आला यावर थोडी कुरकुर. मग आजी विचारते, दमलात का हो, आणि आजोबा म्हणतात, छे, पण खुर्ची दे जरा इकडे. तिथे टेप संपते.