बर्फाचा हिशोब

आमचा जुना फ्रीज १९ वर्षं चालला आणि ऐन एप्रिलमध्ये बंद पडला. नवीन घ्यायला सगळी वरात दुकानात. पोरांना हवा होता दोन दारांचा, दारातूनच बर्फ देणारा. सेल्समनने बटण दाबलं, खडखड करत तुकडे ग्लासात पडले. पोरं खूश!

आई मात्र शेजारच्या साध्या फ्रीजचा बर्फाचा ट्रे निरखत होती.

डायलिसिस सुरू झाल्यापासून तिला पाणी मोजून प्यावं लागतं. घशाला कोरड पडली की ती बर्फाचा एक खडा तोंडात धरते. घोट क्षणात संपतो, खडा बराच वेळ पुरतो. पण विरघळला की तेही पाणीच, दिवसाच्या हिशोबात धरावंच लागतं.

आता दारातून पडणारा बर्फ मोजणार कसा? शिवाय त्याला नळाची जोडणी तरी हवी नाहीतर टाकी भरत बसा, आणि फ्रीझरमधली जागा जाते ती वेगळीच. शेवटी घेतला तो साधाच. कळ पिळली की खडे खालच्या डब्यात पडतात, बस्स.

घरी आल्यावर आईने औषधाच्या मापाने एकेक खण भरला. १५ मिली. १२ खण. "म्हणजे १८०," ती स्वतःशीच म्हणाली.

पोरं दोन दिवस रुसली. आता फ्रीझर उघडल्याचा आवाज आला की धाकटा आतल्या खोलीतून ओरडतो, "आजी, कितवा?"

"चौथा रे बाबा, चौथा!"

कधीकधी तो पाचवा असतो. मला माहीत आहे...