शत्रूच्या नोंदवहीतील एक ओळ

वकिली करणाऱ्या माणसास एक वाईट खोड लागते. अपघाताचे वर्तमान कानी पडले की त्याच्या मनात प्रथम करुणा उपजत नाही, ‘दोष कुणाचा?’ हा प्रश्न उपजतो. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी आमच्याकडे दोन मालमोटारींच्या टकरीचे एक प्रकरण आले होते. एक चालक जागीच गेला होता. जो वाचला, त्याच्या मालकाचे आम्ही वकील. सुट्टीत टकरींसंबंधी काही वाचावे म्हणून बसलो, आणि वाचता वाचता रस्ता सोडून आकाशात जाऊन पोहोचलो.

३१ डिसेंबर १९४४ रोजी इंग्लंडातील थॉर्प अ‍ॅबट्स येथील तळावरून अमेरिकेच्या शंभराव्या बाँबफेकी पथकाची ३७ विमाने जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरावर गेली. परत आली ती २५. न परतलेल्यांपैकी दोन विमाने एकमेकांवर आदळली होती. वरच्याचा वैमानिक ग्लेन रोजॉन, खालच्याचा विल्यम मॅकनॅब.

मोकळ्या आकाशात दोन विमानांनी एकमेकांवर यावेच का, असे कोणासही वाटेल. त्याचे उत्तर त्या काळच्या युद्धरीतीत आहे. चार इंजिनांची ही बी-१७ जातीची विमाने एकेकटी लढाऊ विमानांपुढे दुबळी ठरत. म्हणून ती थव्याने, पंखास पंख लागेल की काय इतकी जवळून उडत, म्हणजे सर्वांच्या तोफा सर्वांचे रक्षण करीत. एखादे विमान पडले की थव्यात खिंडार पडे, आणि शत्रू तेथूनच आत शिरे. ते खिंडार तत्काळ बुजविणे हे मागच्या वैमानिकाचे कर्तव्य. रोजॉन पुढच्या विमानाची रिकामी झालेली जागा घेण्यास सरसावला असता खालून धक्का बसला. ज्या शिस्तीने रक्षण व्हायचे, तिचे पालन चालू असतानाच घात झाला.

खालच्या विमानाच्या पाठीवरील तोफा वरच्याच्या पोटात घुसल्या, आणि वरच्याच्या पोटाखालील तोफेचा फिरता गोल खालच्याच्या पाठीत रुतला. दोन्ही विमाने एकजीव होऊन उडू लागली. खालच्याची तीन इंजिने चालू होती, चौथे जळत होते. आग भडकू नये म्हणून रोजॉनने आपली चारही बंद केली आणि सहकाऱ्यांस उड्या टाकण्याचा इशारा दिला. तो आणि सहवैमानिक विल्यम लीक समोरच्या यंत्रफळीस पाय रोवून सुकाणू खेचीत राहिले. लीकला त्याने उडी टाकण्यास सांगितले. तो गेला नाही. एकट्याच्या बळाने विमान सावरणार नाही, गिरक्या घेईल आणि मागच्यांना बाहेर पडता येणार नाही, हे त्यास कळत होते.

पोटाखालच्या गोलात ज्यो रूसो हा तोफची अडकला होता. सोबत्यांनी तो गोल हाताने फिरवून पाहिला, फिरेना. दूरध्वनीवर लीकला त्याची मरियेची प्रार्थना ऐकू येत होती. आपल्या गोव्यात तिन्हीसांजेस शेजारच्या घरातून तेर्साच्या वेळी कानी येते, तीच. अंतकाळी मुखी नाम यावे म्हणून आपल्याकडे जन्मभर अभ्यास करावयास सांगितले आहे. लीकने कानावरचे यंत्र काढून टाकले. त्या माणसाच्या एकांतावर आपण आक्रमण करीत आहोत असे वाटले, असे त्याने पुढे लिहिले आहे.

विल्हेल्म्सहाफेनजवळ टेटेन्स गावी ते जोडविमान कोसळले. खालच्याचा स्फोट झाला. वरचे पुढे घसरत एका लाकडी इमारतीवर जाऊन थांबले. रोजॉन व लीक दोघेही जिवंत बाहेर आले.

आता दोष कुणाचा? बहुतेक साक्ष वरच्या विमानातील वाचलेल्यांची. मॅकनॅब बोलावयास उरला नाही. त्याच्या विमानातून वाचलेल्या दोघांच्या सांगण्यावरून तो व त्याचा सहवैमानिक प्राणांतिक जखमी झाले होते असे दिसते. त्या जखमा टकरीपूर्वीच्या की टकरीतल्या, हाच खरा वादविषय, आणि त्यावर निर्णय करता येईल असा पुरावा नाही. जिवंत पक्षकाराने मृतावर ठपका ठेवणे किती सोपे, हे आम्ही रोज पाहतो. रोजॉनने ते केले नाही. आपल्याला धक्का जाणवला, एवढेच तो सांगे, आणि श्रेय मागितले तर लीकचे नाव घेई. युद्धानंतर त्याने लीकचा कैक वर्षे शोध घेतला. १९८७ साली पथकाच्या मेळाव्यात दोघे भेटले. रोजॉन २००३ साली वारला.

आम्हास सर्वांत विश्वसनीय वाटलेला कागद मात्र शत्रूचा आहे. वांगेरोगे बेटावरील जर्मन विमानवेधी तोफखान्याच्या अधिकाऱ्याने दुपारी १२ वाजून ४७ मिनिटांची नोंद केली: दोन विमाने आदळून अडकली आहेत, दक्षिणेकडे जात आहेत, लढण्यास असमर्थ आहेत, सबब त्यांच्यावरील मारा थांबविला. कर्तव्याच्या ओघात, घटनेच्या वेळीच आणि लाभाचा संबंध नसताना केलेली नोंद! १८७२ च्या पुरावा कायद्याच्या बत्तिसाव्या कलमाने मृताच्या अशा लेखास प्रवेश दिला होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या अधिनियमानेही तो कायम ठेवला आहे. उलट, मारा का थांबविला याचा जबाब वरिष्ठांस द्यावा लागण्याचाच धोका त्या अधिकाऱ्यास होता. तरी त्याने कारण लिहून ठेवले. दोष कुणाचा, याविषयी त्या नोंदीत अक्षर नाही.

सुट्टी संपली. पहिल्याच आठवड्यात मालमोटारींचे प्रकरण न्यायाधिकरणापुढे निघाले. मृत चालक मद्य प्यायला होता असे सुचविणारे दोन प्रश्न आम्ही उलटतपासणीसाठी लिहून ठेवले होते. शवचिकित्सेच्या अहवालात त्यास आधार नव्हता. त्याची पत्नी मागच्या बाकावर बसली होती. बाकीचे सारे प्रश्न आम्ही विचारले; ते दोन विचारले नाहीत. बाहेर आल्यावर आमच्या पक्षकाराने कारण विचारले, तेव्हा आधार नव्हता एवढेच सांगून आम्ही पुढची तारीख त्यास लिहून दिली.