सातबारा कुणाच्या नावावर?

यलोस्टोनमध्ये उन्हाळ्यात तंबू ठोकायचा तर हिवाळ्यातच कंबर कसावी लागते. तिथल्या काही कॅम्पग्राउंडचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि चहा गाळून होईतो संपतंही. नवऱ्याने लॅपटॉपसमोर ठाण मांडून ते मिळवलं आणि त्या तारखेभोवती आमचा उन्हाळा आखला गेला. मिनियापोलिसहून निघायचं, आय-नाइंटी धरून साउथ डकोटा ओलांडायचं, वाटेत बॅडलँड्स, मग वायोमिंग. माझे वडील, अण्णा, तेव्हा साताऱ्याहून आमच्याकडे आले होते. नोकरीची सगळी वर्षं तलाठी म्हणून काढलेली. गीझर आणि अस्वलांत त्यांना फारसा रस नव्हता. गाडीत पुढची सीट मिळाली, एवढ्यावर स्वारी खूश होती.

चेंबरलेनला मिसुरी नदी ओलांडली की जमिनीचा नूर पालटतो. मक्याची शेतं मागे पडतात, गवत सुरू होतं आणि मग संपतच नाही. रस्त्याकडेला ‘वॉल ड्रग’ या दुकानाच्या पाट्या तेवढ्या पिच्छा सोडत नाहीत. १९३६ साली, मंदीच्या आणि धुळीच्या दिवसांत, वाटसरूंना बर्फाचं पाणी फुकट देऊ अशी पाटी लावून या आडगावच्या औषधांच्या दुकानाने आपलं नशीब काढलं. आम्हीही वॉल गावातच कॅन भरून घेतले. पुढे मुक्कामाला नळ नव्हता.

मुक्काम होता बॅडलँड्स नॅशनल पार्कच्या सीमेला लागून असलेल्या बफेलो गॅप नॅशनल ग्रासलँडमध्ये. गुरांसाठीचं फाटक उघडायचं, गाडी आत घ्यायची, फाटक पुन्हा लावायचं. ना चौकी, ना पावती. संडास नाही, कचरापेटी नाही. आपला कचरा आपणच परत न्यायचा. कड्यापासून थोडं आत तंबू उभा केला. खाली बॅडलँड्सचे गुलाबी-राखाडी सुळके उन्हात तापत होते.

अण्णा हात मागे बांधून चारी बाजूंनी फिरून आले.

“रान कुणाचं हे?”

“सरकारचं.”

“ते कळलं. महसूलचं का वनखात्याचं?”

“वनखात्याचं.”

“मग झाडं कुठायत?”

मला हसू आलं, पण प्रश्न रास्त होता. १८६२च्या कायद्याने इथे १६० एकर जमीन फुकट मिळे. अट एवढीच, की पाच वर्षं राहून कसायची. पाऊस इतका कमी, की एवढ्या जमिनीत कुटुंबाचं भागेना. १९३०च्या दशकात दुष्काळ आणि मंदी एकदम आली, माणसं कर्जात बुडाली आणि सरकारने पडीक रानं विकत घेतली. पुढे १९६० साली त्यांतली बरीचशी ‘ग्रासलँड’ म्हणून वनखात्याकडे कायम झाली. आसपासचे रँचवाले आजही शुल्क भरून तिथे गुरं चारतात.

“म्हणजे गायरान,” अण्णा म्हणाले आणि खुर्चीवर टेकले. आता ते घरी आल्यासारखे बसले होते.

वारा मात्र घरचा नव्हता. स्टोव्ह गाडीच्या आडोशाला ठेवूनही आच निम्मी उडून जात होती. पिठलं रटरटायचं नावच घेईना आणि झाकण काढलं की वर गवताचं कूस. तेवढ्यात अण्णांनी वनखात्याचा नकाशा बॉनेटवर पसरून कोपऱ्यांवर दगड ठेवले. सरकारी जमीन हिरवी, खासगी पांढरी, नुसती ठिगळं. “मोजणी बरीक चोख आहे,” असा शेरा मिळाला.

पुढचा मुक्काम पार्कच्या आत, सेज क्रीकला. तेही फुकट, आधी येईल त्याची जागा. सकाळी एक बायसन नर तंबूंमधून चालत आला आणि पाटीच्या खांबाला मान घासू लागला. खांब करकरत होता, मानेवरच्या जुन्या केसांचे पुंजके गळून पडत होते, आणि आम्ही सगळे गाडीत, काचा वर. पुढे यलोस्टोनमध्येही बायसन खूप पाहिले, पण तिथे प्रत्येक बायसनमागे गाड्यांची रांग. मला तरी तिथला थाट पाहण्यापेक्षा हे फाटक लावून राहणं जास्त आवडलं.

रॅपिड सिटीच्या वाटेवर अण्णांचं बोट नकाशाच्या दक्षिणेला अडलं. पार्कचा तो भाग पाइन रिज या लाकोटा आदिवासींच्या रिझर्व्हेशनमध्ये येतो. १९४२ साली सैन्याने तिथली मोठी जमीन बॉम्बफेकीच्या सरावासाठी घेतली होती.

“मूळ खातेदार हे होय?”

मुलगा हे शाळेत शिकला होता. मागच्या सीटवरून त्याने अर्ध्या मराठीत सांगितलं: १८६८च्या तहात समोरचे ब्लॅक हिल्स त्यांचेच ठरले होते, मग सोनं सापडलं आणि १८७७ साली सरकारने ते काढून घेतले. १९८० साली सुप्रीम कोर्टाने दहा कोटी डॉलरहून जास्त भरपाई कायम केली. ती व्याजासकट शंभर कोटींच्या पुढे गेली आहे, पण लाकोटांनी ती उचललेली नाही. त्यांना जमीन हवी आहे.

“उचलूच नये,” अण्णा ताडकन म्हणाले. “मोबदला घेतला की फेरफार मंजूर झालाच म्हणून समज.”

“आजोबा, फेरफार म्हणजे?”

ते समजावून सांगता सांगता रॅपिड सिटी आली, आणि पेट्रोल भरून होईपर्यंत गाडी वारसनोंदीवर पोचली होती.