पोटखराब्यातल्या नोंदी

सातबाऱ्यावर पोटखराबा नावाचा रकाना असतो. शेतातला कातळ, घळ, नाला, पिकाला नालायक तुकडा त्यात जातो. साताऱ्याच्या सड्यांपासून सांगलीच्या माळांपर्यंत गेल्या काही दशकांत जे नाहीसे होत आले, त्यातले पुष्कळसे या रकान्यातले, नाहीतर त्याच नजरेने पाहिले गेलेले. वाघाला कायद्याची अनुसूची आहे. वनाला 1980 चा अधिनियम आहे. शहरातल्या पन्नास वर्षांच्या झाडाला 2021 पासून वारसावृक्षाचा दर्जा आहे. कातळ, गवत आणि नदीची मळी यांना असे काही नाही; उताराला आहे ते कागदापुरते. ही यादी त्यांची. क्रम लावलेला नाही.

सडा. जांभ्याचा उघडा कातळ, त्यावर मातीचा पातळ थर, खळग्यांत पावसाचे पाणी. 2012 मध्ये पश्चिम घाटातली 39 ठिकाणे जागतिक वारशात गेली. महाराष्ट्रातली त्यांत चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. कोयना, चांदोली आणि राधानगरी आधीपासून अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान होती. कास मात्र पठार म्हणून गेले, फुलांच्या जोरावर. वायतुरा इथल्या खळग्यांत उगवतो. दोन फाट्यांचा तुरा, शास्त्रीय नावात साताऱ्याचे नाव. पाणी आटले की पाने जातात, कंद तेवढा मातीत राहतो. डिसेंबरात त्याच जागी उभे राहिले तर दिसतो तो निव्वळ काळा दगड, आणि तो पाहून कुणीही म्हणेल, इथे काय आहे? कासला हा प्रश्न आता कुणी विचारत नाही. बाकीच्या सड्यांना रोज विचारला जातो.

कासवरची गुरे. पठार प्रसिद्ध झाले, गर्दी आली, कुंपण आले. कुंपणाने माणसे थोपवली आणि कासाणी, एकीव, आटाळीची गुरेही थोपवली. मग गवत वाढले आणि बुटकी फुले मागे पडली, अशी तक्रार त्याच गावांतून आली. काही वर्षांनी जाळ्या काढल्या. माणूस आणि जनावर बाहेर काढले की निसर्ग वाचला, ही समजूत इकडे पक्की मुरलेली आहे. सड्यावर ती लागू पडतेच असे नाही. जाळी निघाली तरी गुराखी परत येईलच असेही नाही. त्याचा मुलगा एव्हाना पार्किंगच्या पावत्या फाडतो.

चाळकेवाडीचे शिकारी पक्षी. साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे गेले की पवनचक्क्या लागतात, त्या थेट वनकुसवड्यापर्यंत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी या पठारावर पवनचक्क्यांची जागा आणि मोकळी जागा यांची तुलना केली. निबंध 2018 मध्ये आला. चक्क्यांखाली ससाणे-घारींच्या जातीचे पक्षी जवळजवळ चौपटीने कमी. त्यामुळे सरडे वाढलेले. हा सरडा देखणा आहे, नराच्या गळ्याखाली निळ्या-काळ्या-नारिंगी रंगाचा पंखा असतो. चक्क्यांखालचे सरडे माणूस अगदी जवळ येईपर्यंत पळत नाहीत, पण अंगाने किरकोळ झालेले आणि रंगाने फिके. वरचा धाक गेला, खाली तोंडे वाढली. पवनऊर्जा हरित ऊर्जेत मोजली जाते आणि ते चूक नाही. फक्त कोळशाच्या खाणीला लोक जसा हिशेब विचारतात, तसा या पात्यांना कुणी विचारला नव्हता.

उतार. यावर जरा थांबावे लागेल.

महाबळेश्वर-पाचगणी हा टापू केंद्राने 17 जानेवारी 2001 रोजी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. देशात असे टापू तेव्हा मोजकेच होते. एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नको, हा नियम राज्याच्या बांधकाम नियमावलीतही आहे. कागदावर उतार सुरक्षित आहे. पण उताराची मोजणी होते ती नकाशावर, आणि जेसीबी येतो तो नकाशाआधी. आधी डोंगराला पायऱ्या पाडायच्या, मग त्यावर सपाट जागा दाखवायची. पायरीला उतार नसतो.

मग 2010 मध्ये सगळ्या पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांची समिती. अहवाल 2011 चा. सरकारने तो लोकांसमोर ठेवला 2012 मध्ये. तो कडक वाटला म्हणून कस्तुरीरंगन यांचा गट, अहवाल 2013. त्यानंतर घाटातले क्षेत्र संवेदनशील म्हणून जाहीर करणाऱ्या केंद्राच्या अधिसूचनेचे मसुदे: 2014, 2015, 2017, 2018, 2022, आणि सहावा 31 जुलै 2024 चा, वायनाडच्या दरडींच्या दुसऱ्या दिवशीचा. प्रत्येक मसुद्यावर हरकतींसाठी साठ दिवस. महाराष्ट्राच्या वाट्याचे क्षेत्र सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर, आणि त्यातल्या गावांनी प्रत्येक वेळी विचारलेला प्रश्न एकच: आमच्या घरावर पत्रा घालायला परवानगी लागेल का? उत्तर ‘नाही’ असे होते, पण ते त्यांच्या भाषेत, त्यांच्या चावडीवर जाऊन सांगणारा कुणी नव्हता. गाडगीळ समितीचा मूळ आग्रह ग्रामसभांना विचारण्याचा होता. मसुद्यांच्या या मालिकेतून जे पहिल्यांदा गळाले ते हेच.

मधल्या काळात जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे रात्रीत दरडी आल्या. घरे माणसांसकट गाडली गेली. आणि 2024 मध्ये त्याच पाटण तालुक्यासह सातारा, जावळीतली 235 गावे घेऊन ‘नवीन महाबळेश्वर’ या गिरिस्थानाचा प्रारूप विकास आराखडा आला. नियोजन प्राधिकरण कोण, तर राज्य रस्ते विकास महामंडळ. रस्ते बांधणाऱ्याला डोंगर वाचायला दिला, की तो त्यातले रस्ते तेवढे वाचणार.

वड. मिरज तालुक्यातल्या भोसे गावी यल्लम्माच्या देवळाजवळ एक वड होता, चारशे वर्षांचा म्हणत. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड आला. 2020 मध्ये लोक उभे राहिले, राज्यातून पत्र गेले, दिल्लीने आखणी बदलली, झाड वाचले. पुढे ते पावसावाऱ्यात कोसळले. पण महामार्ग एका झाडासाठी वाकू शकतो, हे तेवढ्यात दिसून गेले. पुणे-बंगळुरू रस्त्यावरच्या वडांच्या रांगांसाठी तो वाकला नव्हता.

माळ. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, तिकडे माण-खटाव. कुसळीचे गवत, लांडगा, कोल्हा, ससा, खिल्लार जनावरे, आणि जतेतल्या माडग्याळ गावाच्या नावाची उंच, बाकदार नाकाची मेंढी. सरकारी नकाशात हा प्रदेश बराचसा पडीक. पडीक म्हटले की सुधारणा आलीच. राज्याची 33 कोटी झाडांची मोहीम झाली तेव्हा खड्डे कुठे घ्यायचे, तर मोकळे दिसेल तिथे. गवताळ माळावर झाड लावणे म्हणजे लांडग्याच्या अंगणात कुंपण घालणे, हे कुणाच्या उद्दिष्टात बसत नव्हते. आता सौर पाट्या येत आहेत. सौर कृषी वाहिनी योजनेत गायरान जमीन भाडेपट्ट्याने देता येते. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळेल, ती हवीच आहे. टेंभू आणि म्हैसाळ सिंचन योजनांचे पाणीही हवेच होते; त्याने डाळिंब, द्राक्ष, ऊस आणला आणि माणसे गावात राहिली. ज्याने टँकरमागे घागर घेऊन धावणारी आई पाहिली आहे, त्याला कुसळीच्या गवताबद्दल हळहळायला सांगणे सोपे नाही. तरी मेंढपाळाची उन्हाळ्यातली वाट यात तुटली, ती तुटलीच.

2023 मध्ये आटपाडीजवळचा 9.48 चौरस किलोमीटरचा तुकडा संवर्धन राखीव झाला. मायणीच्या तळ्याला 2021 मध्ये तसाच दर्जा मिळाला. तुकडे वाचतात. युरोपातल्या देशांनी 2000 साली फ्लॉरेन्समध्ये भूदृश्याचा एक करार केला; त्यात नामांकित ठिकाणांइतकेच रोजच्या, अगदी बिघडलेल्या परिसरालाही नियोजनात धरायचे ठरले. आपल्याकडे तसे कलम नाही. आपण किल्ला, वाघ आणि फूल ओळखतो.

उलट बाजूची एक नोंद. देवराष्ट्र्याजवळचे सागरेश्वर. उघड्या डोंगरावर धों. म. मोहिते यांनी माणसे जमवून झाडे लावली, हरणे आणली. 1985 मध्ये ते अभयारण्य झाले, 10.87 चौरस किलोमीटरचे. माणसाने केलेले रान. या यादीत जमेची बाजू म्हणून धरायला हवे, आणि मी धरतो.

मळी. कृष्णेच्या काठची गाळाची जमीन. इथली वांगी महाराष्ट्रभर नावाजलेली. तिचा पोयटा वीटभट्ट्यांकडे गेला, पात्रातली वाळू शहरांच्या स्लॅबांत गेली. मगर उन्हाळ्याआधी काठाच्या वाळूत अंडी घालते. वाळू उरली नाही तर ती जाणार कुठे? भिलवडी, औदुंबरच्या बाजूला मगर दिसली की बातमी होते. वाळू गेल्याची होत नाही.

नदी नियमन क्षेत्र. हे जमिनीचे नाव नाही, धोरणाचे आहे. 2000 पासून राज्यात नद्यांची वर्गवारी होती आणि प्रदूषण करणारा कारखाना पात्रापासून किती लांब असावा याची अंतरे होती. 2009 मध्ये दुरुस्ती झाली. फेब्रुवारी 2015 मध्ये धोरण रद्द झाले. त्याच्यासाठी कुणी मोर्चा काढला नाही.

ओत. सांगलीत नदीकाठच्या सखल भागाला ओत म्हणतात. पूर आधी तिथे पसरायचा, मग गावाकडे बघायचा. ओतांतून आणि नैसर्गिक नाल्यांवरून गुंठ्या-गुंठ्यांनी प्लॉट पडले. शहराच्या सखल वस्त्यांत कष्टकऱ्यांना परवडणारी तीच जागा होती, हेही खरेच. 2001 च्या कायद्याने गुंठेवारी नियमित करण्याची सोय केली. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेले. तिथे धोका पातळी 45 फूट आहे. निळी पूररेषा, लाल पूररेषा, अतिक्रमणे यांवर बैठका झाल्या. 2021 मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि नियमित होण्याची सोय 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या प्लॉटांना लागू झाली. त्याच वर्षी जुलैत आयर्विनजवळ पाणी पुन्हा पन्नास फुटांच्या वर गेले.