निवडुंगांच्या वनातील धाव

अमेरिकेतील टूसॉन शहराजवळ सग्वारो राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या पूर्व भागातील ‘कॅक्टस फॉरेस्ट’ ही पायवाट बहुतांशी सपाट, सावकाश धावण्यास सोयीची. दोन्ही बाजूंस महाकाय सग्वारो निवडुंग उभे असतात. त्यांना पहिली फांदी फुटण्यास बहुधा ५० वर्षांहून अधिक काळ लागतो. पावसाचे पाणी शोषून त्यांचे चुणीदार खोड फुगते आणि तो साठा पुढे महिनोन्‌महिने पुरतो. आपल्या देहाला अशी सोय नाही. कोरड्या हवेत घाम तत्काळ वाळतो. अंग कोरडे भासते, पाणी मात्र घटतच जाते. म्हणून हिवाळ्यातील सकाळ निवडावी, तहान लागण्यापूर्वीच घोट घोट पाणी प्यावे आणि जवळचे निम्मे पाणी संपण्याआधी परतीची वाट धरावी.